खोलीत दुसरं कोणी नको

नवीन वर्षासाठीची वही मी वीस डिसेंबरलाच आणून ठेवली होती. जाड पुठ्ठ्याची, पानापानावर तारखा छापलेली, आणि सोबत तीन रंगांचे पेन. आमच्या खैरीटोल्याहून गोंदियाला जायचं म्हणजे आठ जणांच्या ऑटोत चौदावं होऊन बसायचं. एवढा त्रास काढून मी फक्त वही घेऊन परत आले, तेव्हा सासूबाईंनी पिशवी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "लसून नाही आनला?"

लसूण नाही आणला. शिस्त आणली होती. पण ती पिशवीतून खाली पडत नाही, त्यामुळे त्यांना दिसली नाही.

मी रविता. एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन घेते. कंपनी पुण्याला आणि मी इथे, चार वर्षं झाली. कुणाचं दवाखान्याचं बिल अडकलेलं असतं, कुणाचा कागद पोचलेला नसतो. लोक मला आपलं दुखणं सांगतात, ऑपरेशन कुठलं झालं ते सांगतात, काही जण रडतात. दिवसाला साठ फोन. फोनवरचा प्रत्येक माणूस मला रविता मॅडम म्हणतो. घरात मी बहू असते, तिलकची बायको असते, आचलची मम्मी असते. या घरात माझं नाव फक्त मीच घेते, "नमस्कार, मी रविता बोलतेय," तेही दिवसातून साठदा.

ही नोकरी मला कुणी लावून दिलेली नाही. आचल सहा महिन्यांची होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन मी परीक्षा दिली होती. म्हणून डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. एक फेब्रुवारीपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. ज्यांना घरूनच काम करायचं आहे त्यांच्या खोलीची व्हिडिओवर तपासणी होणार. खोली वेगळी हवी, तिचं दार लागायला हवं, आणि कामाच्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको. लोक आपले आजार सांगतात, ते भलत्याच्या कानावर जायला नकोत, म्हणून. नियम अगदी बरोबर होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. माझ्या तपासणीची वेळ होती तीन जानेवारी, सकाळी साडेअकरा. पास झाले तर वर्षभर घरून. नाही तर पुणे, आणि माझ्यासाठी पुणे म्हणजे राजीनामाच. तिलक गोंदियाच्या राइस मिलमध्ये आहे, आचल अजून बालवाडीत जाते. कुणाला उचलून कुठे नेणार?

आणि चार वर्षं मी कुठे बसून काम करत होते, तर सपरीत. म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. समोरचा माणूस किडनीचं सांगत असायचा आणि मागून सासूबाई ओरडायच्या, "बहू, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या वं?" एकदा तर नागपूरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे कोंबडा आहे का?" मी म्हटलं, लाइनमध्ये डिस्टर्बन्स आहे.

तेव्हा वेगळी खोली. घरात तशी एकच होती, मागच्या बाजूची, जिच्यात बांबूची मोठी ढोली ठेवलेली. ढोलीत बियाण्याचं धान, आजूबाजूला पोती, मोडका पंखा, दोन वर्षांपूर्वीची मोहफुलं आणि उंदीर. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबूजी, ढोली गुरांच्या कोठ्यात हलवू, मले खोली पाहिजे." चुन्नीलाल बाबूजी शांत माणूस. ते ढोलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ढोली हाललेली नाही. माझ्या बापापासून नाही." मी म्हटलं, आता हलेल. पाच दिवस आमचं बोलणं बंद. सहाव्या दिवशी तिलकने मिलमधले दोन गडी आणले आणि ढोली हलली. बाबूजी तेवढा वेळ घराबाहेर जाऊन बसले होते.

भिंतीला मी स्वतः चुना दिला. टेबल आलं, इन्व्हर्टर आला, दाराला आतून नवी कडी बसली. एकतीस डिसेंबरला मी त्या खोलीत एकटीच पाच मिनिटं बसले. कुणी हाक मारली नाही. खरं सांगते, मला रडूच आलं.

मग वहीत वेळापत्रक लिहिलं. पहाटे साडेपाचला योगासनं, सहाला पाणी, सातला आचल, साडेनऊला टेबलाशी. लाल रंगात कामाची वेळ, हिरव्यात घर, निळ्यात स्वतःसाठी. निळं फार नव्हतं. एक मोठा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवरही लावला: सकाळी दहा ते संध्याकाळी सात रविता ड्युटीवर आहे, कृपया हाक मारू नये.

पहिल्या जानेवारीला साडेपाचला उठून मी सपरीत योगाची चटई अंथरली. दोन आसनं झाली असतील नसतील, दूधवाला आला. तिसऱ्या आसनाला बाबूजी आले आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत परत गेले. दुपारी पाहते तर चटईवर कोहळ्याच्या वड्या वाळत घातलेल्या. "चांगली आहे वं," सासूबाई म्हणाल्या, "चिकटत नाही." भिंतीवरचा कागद त्यांनी तिलककडून वाचून घेतला होता. आणि त्यानंतर त्या मला हाक मारत नव्हत्या, हे कबूल करायला हवं. थेट खोलीत येऊन उभ्या राहत होत्या.

"माय, हे काऊन?" मी हेडसेटवर हात ठेवून विचारलं.

"हाक मारू नको म्हनतेस. मंग येऊनच सांगन ना? हरभरा भिजवू का वटाना?"

माझ्या कानात त्या वेळी साताऱ्याच्या एक बाई मुलाच्या अपघाताचं सांगत होत्या.

सासूबाईंना वाईट म्हणावं, तर तसंही म्हणता येत नाही. मुन्नीबाई नाव त्यांचं. बालाघाटकडच्या मोठ्या घरातल्या, चार भावांची एकच बहीण. माणूस घरात दिसतो म्हणजे तो मोकळा आहे, एवढं सरळ गणित त्यांचं. तिलक मिलमध्ये बसून दिवसभर मोबाइल पाहतो, तरी तो कामावर. मी टेबलाशी बसून घसा कोरडा करते, तरी मी घरी. चार वर्षं मी हे त्यांना समजावते आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी या वेळी मी त्यांना नीट बसवून सांगितलं. दोन तारखेच्या सकाळी, वाटाणे सोलता सोलता.

"माय, उद्या पुन्याचे साहेब माझी खोली पाहनार आहेत. त्यांनी हो म्हटलं तं माझं काम राहते. नाही म्हटलं तं गेलं."

"येऊन राहिले का? किती जन?"

"येत नाहीत. मोबाइलवरून पाहतात. समोरासमोर बोलतात."

"मानूस आहे का बाई?"

"मानूस. मोहित सर म्हनून आहेत."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "चिंता नको करू. मी पाहतो सगळं." मला बरं वाटलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

तीन तारखेला नेमका आमच्या गावचा पट. बैलांची शर्यत, दरवर्षी जानेवारीत. धान घरात आलेलं असतं, हात रिकामे असतात, आणि गावातलं एकेक घर पाहुण्यांनी भरून जातं. पटाला पाहुणा आला नाही तर घरवाल्याची मान खाली, आणि आलेला पाहुणा पट न पाहता परत गेला तर विचारूच नका. कंपनीने तारीख ठरवताना खैरीटोल्याचा पट पाहिला नव्हता. मी मेल करून तारीख बदलून मागितली, तर उत्तर आलं की वैध कारण जोडा. बैलांचं काय जोडणार?

दोन तारखेच्या संध्याकाळी सासूबाईंचे मोठे भाऊ आले, मुन्नालाल मामाजी. पंच्याहत्तर वर्षांचे, उंच, पांढरा कुर्ता, खांद्यावर गमछा. मान वर करून त्यांच्याशी बोलायचं नाही, ते बसले असताना खुर्चीवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर घसरू द्यायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाहून पाहून शिकले होते. बाकी दिवस आमच्या घरात कुणी एवढं मानत नाही, पण मामाजी आले की सगळं घर एकदम पन्नास वर्षं मागे जातं.

आणि त्यांची खाट कुठे टाकली? माझ्या खोलीत. घरात सगळ्यात स्वच्छ, नव्याने चुना दिलेली खोली तीच. पाहुण्याला दुसरीकडे कुठे झोपवणार?

मी तिलकला मागच्या अंगणात गाठलं. "तू म्हटलं होतंस खोलीत कोनी येनार नाही."

"एका रातीचा तं प्रश्न आहे. सकारी खोली मोकरी होते ना."

"नाही झाली तं?"

"अवं, मी आहे ना," तो म्हणाला. पटाच्या समितीत होता तो. सकाळी सहाला मैदानावर गेला आणि माझ्या पाच फोनपैकी एकही त्याने उचलला नाही.

मी तरी खोली मोकळी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दहाला खाट बाहेर. सव्वादहाला मी झाडून घेतलं, टेबल पुसलं, लॅपटॉप लावून पाहिला. मग अंघोळीला गेले, आणि अंघोळीनंतर चुलीपुढे अडकले, कारण आणखी सात पाहुणे आले होते आणि पुऱ्या तळायला सासूबाई कुठे दिसत नव्हत्या. अकरा वाजून बावीस मिनिटांनी मी तेलकट हात पुसत खोलीत शिरले.

खिडकीला फुलांचा पडदा. टेबलावर क्रोशाचा रुमाल, त्यावर काचेचे सहा ग्लास आणि फरसाणाची बशी. लॅपटॉप जरा बाजूला सरकवलेला. भिंतीशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर मुन्नालाल मामाजी. इस्त्रीचा कुर्ता, कपाळाला टिळा, हात गुडघ्यांवर. दुसरी खुर्ची बाबूजींसाठी होती, ते धोतर बदलायला गेले होते. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून दाराशी उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"माय, हे का आहे?"

"परका मानूस घरात नजर टाकनार, तुझ्यासंगं बोलनार, अन् आपल्याकडचा एकही मोठा मानूस समोर नाही? तो का म्हनन? या पोरीले कोनी आहे का नाही? म्हनून दादाले बसवलं. तो बराबर बोलते."

मला एकदम सगळं दिसलं. दोन दिवस ही बाई माझ्यासाठी धडपडत होती. मुलगी दाखवायच्या वेळी जसं करतात तसं तिने केलं होतं, कारण माणसाची पारख व्हायची असेल तर इभ्रतदार घर काय करतं, याबद्दल तिला एवढंच ठाऊक. माझ्या कंपनीसमोर तिने आपल्या घरातली सगळ्यात मोठी इज्जत आणून खुर्चीवर ठेवली होती. आणि कंपनीचा नियम होता, खोलीत दुसरं कोणी नको.

"माय, मामाजीले बाहेर बसवा. खोलीत मी एकटीच पाहिजे."

"एकटी?" त्यांनी असं म्हटलं, जसं मी काही वंगाळ बोलले.

"माय, हात जोडतो. तुम्हीच सांगा त्यांना. मी कशी सांगू?"

"मी मोठ्या भावाले उठ म्हनू? त्याच्या बहिनीच्या घरून? डोकं फिरलं का तुझं?"

मामाजी सगळं ऐकत होते, पण बायकांच्या बोलण्यात आपण पडायचं नाही म्हणून समोर बघत होते. मी तिलकला सहावा फोन लावला. पाठीमागे लाऊडस्पीकरवर बैलजोड्यांची नावं पुकारत असतील, त्याला काय ऐकू येणार. तेवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला. साडेअकरा. पुण्याचे लोक वेळेचे पक्के.

मी ग्लास आणि बशी जमिनीवर ठेवले, लॅपटॉप सरळ केला, आणि मामाजींसमोर खुर्चीवर बसायचं नाही म्हणून उभ्याउभ्याच बटण दाबलं. डोक्यावर पदर तसाच.

पडद्यावर एक पोरगेलासा माणूस. "गुड मॉर्निंग रविता मॅडम. बसा ना. मॅडम, तुमच्या मागे कुणी आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत मामाजी उठले, माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्यात आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्ते साहब. मैं बहू का मामाससुर. घर देख लीजिए, अच्छा खानदान है. लड़की में कोई खोट नहीं, हमारी जिम्मेदारी."

मोहित सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी खाली काहीतरी पाहिलं. "मॅडम, खोलीत दुसरी व्यक्ती दिसली तर मला फॉर्मवर 'नाही' टिक करावं लागतं. मी तुम्हाला दोन मिनिटं देतो. दोनच."

दोन मिनिटं. चार वर्षं, मांडीवरची आचल, हललेली ढोली, हाताला पडलेले चुन्याचे चट्टे, आणि दोन मिनिटं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली. मला त्यांचा राग आला, तिलकचा आला, कंपनीचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला, की एवढं सगळं वहीत लिहिलं आणि घरात एक सरळ वाक्य बोलायला मी आजवर शिकले नाही.

मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. हेडसेट घातला. खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. मग मान वर करून मामाजींच्या डोळ्यांत पाहत म्हटलं, "मामाजी, बाहेर व्हा."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "किससे बोल रही हो, बहू?"

"तुम्हालेच. बाहेर जा. मले काम आहे."

आवाज मोठा नव्हता माझा. फोनवर लोकांना कागद कुठे पाठवायचा ते सांगते, तोच आवाज. मामाजी क्षणभर तसेच उभे राहिले. पंच्याहत्तर वर्षांत त्यांना कुणी खोलीबाहेर जा म्हटलं नसेल. त्यांनी खुर्चीवरचा गमछा उचलला, खांद्यावर नीट टाकला आणि वाकून दाराबाहेर गेले. दार बुटकं आहे. सासूबाई त्यांच्या मागे गेल्या. मी दार लोटलं आणि कडी घातली.

पुढचं सगळं चार मिनिटांत झालं. लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवल्या. कडी दाखवली. इन्व्हर्टर दाखवला. "पडदा छान आहे," मोहित सर म्हणाले. "अप्रूव्हड, मॅडम. एकतीस डिसेंबरपर्यंत घरूनच. हॅप्पी न्यू इयर." आणि ते गेले.

मी आरडाओरडा करायला हवा होता. चार वर्षांत पहिल्यांदा माझी म्हणून एक खोली कागदोपत्री झाली होती. मी कडीकडे बघत बसले. बाहेरून रडण्याचा आवाज यायला लागला होता.

अंगणात आले तेव्हा मामाजी बाजेवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. पिशवी बाजूला. बाबूजी धुतलेल्या धोतरात त्यांच्यासमोर उभे, हात जोडून. सात पाहुणे सपरीतून बघत होते. पट दुपारी दोनला सुरू व्हायचा होता आणि आमच्या घरचा सगळ्यात मोठा पाहुणा पट न पाहता निघाला होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बालाघाटला पोचली असती.

मी पुढे झाले. "मामाजी, माफ करा. मले तसं बोलायचं नव्हतं." हे खोटं होतं. मला तसंच बोलायचं होतं, फक्त त्यांच्याशी नाही. ते उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि न ठेवताच खाली घेतला. "खुश रहो," म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले. बाबूजी त्यांची पिशवी घेऊन मागे धावले.

तिलक आला तो मोटारसायकलवर धापा टाकत. कुणीतरी मैदानावर जाऊन सांगितलं असणार. "पाच मिनिटं थांबली असती तं मी आलोच होतो," तो म्हणाला.  मी त्याला माझ्या मोबाइलवर केलेले सहा फोन दाखवले. त्याने पाहिले, मान खाली घातली, आणि हळूच विचारलं, "मंग तुझं का झालं?"

"पास झाली."

"म्हनजे?"

"म्हनजे पुन्याले जायचं नाही. वर्षभर घरूनच. दहा ते सात, रोज, याच घरात."

सासूबाई पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल, नाक लाल.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

 नेमका तोच शब्द, अगदी तसाच, माझ्याही मनात आला होता: वर्षभर, याच घरात, एकमेकींसमोर. लग्नाला आठ वर्षं झाली, कुकरच्या शिट्ट्यांपासून ते हरभरा का वाटाणा इथपर्यंत आमचं दोघींचं कधी एकमत झालं नाही. ते त्या दिवशी, त्या पायरीवर झालं.

तपासणीमुळे त्या दिवशीचे फोन साडेबाराला सुरू व्हायचे होते. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.